एका श्वासावर खोल पाण्यात: फ्रीडायव्हिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी

पाठीवर टाकी नाही, तोंडात हवेची नळी नाही. पाण्यावर तरंगत एक पूर्ण श्वास घ्यायचा, त्यावरच खाली जायचं आणि त्यावरच वर यायचं. ज्याला निवांत पोहता येतं आणि ज्याचं हृदय, फुप्फुसं, कान धड आहेत असा साधा माणूस चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तीन-चार दिवसांत 10 ते 15 मीटर खोल जाऊन येतो. त्यासाठी खेळाडू असावं लागत नाही. उलट प्रत्येक गोष्ट जोर लावून करण्याची सवय असलेली माणसंच पहिल्या दिवशी जास्त अडतात.

इथे मुख्यतः शिकायचं असतं ते शरीराचं म्हणणं ओळखायला. कान दुखला की थांबायचं, त्यात वाद नाही. पोटात उचकीसारखा धक्का बसला तर घाबरून जायचं कारण नाही, पण तो कशामुळे बसतो हे आधी कळलेलं हवं. आणि ऑक्सिजन संपत आल्याची भरवशाची सूचना शरीर देतच नाही, म्हणून तिथे दुसरा माणूस लागतो. या तीन गोष्टी नीट उमगल्या की बाकीचं तंत्र सरावाने येतं.

आधी तब्येत

दमा, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, फुप्फुस कधी फाटलेलं असणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात उतरू नका. गरोदरपणात हा खेळ नको. कोर्सच्या सुरुवातीला तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, त्यावर खरं लिहा. स्कूबा, म्हणजे पाठीवर टाकी घेऊन डायव्हिंग, केलं असेल तर त्याच दिवशी फ्रीडायव्हिंग करायचं नाही. रक्तात नायट्रोजन उरलेला असतो आणि झपाझप वर-खाली करणं तेव्हा घातक ठरू शकतं.

गादीवरचा सराव

श्वास रोखण्याची सुरुवात घरी, कोरड्यात, गादीवर पडून करायची. बाथटबमध्ये नाही, तलावात नाही, गाडी चालवताना तर मुळीच नाही.

उताणे पडा. दोन मिनिटं संथ श्वास घ्या: पोट हळू वर येऊ द्या आणि घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावा. मग आधी पोट, नंतर छाती असा पूर्ण श्वास भरा आणि थांबा. पहिला अर्धा मिनिट काहीच होत नाही, किंबहुना बरं वाटतं. मग मनात येतं, आता पुरे. घशाशी आवंढा येतो, छातीत ऊब जाणवते. आणखी थांबलात तर पोटाचा वरचा भाग आपोआप आत ओढला जातो. हा श्वासपटलाचा आचका. इंग्रजी कोर्समध्ये त्याला कॉन्ट्रॅक्शन म्हणतात, आणि नवखी माणसं बहुतेक इथेच घाबरून श्वास सोडतात.

हा आचका ऑक्सिजन कमी झाल्यामुळे येत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू श्वास घ्यायला लावतो, त्याचा हा परिणाम. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडला असेल तर बोटाला लावून पाहा. पहिला आचका येतो तेव्हा आकडा बहुतेकदा 96 ते 98 च्या आसपासच असतो. बोटावरचं मोजमाप काही सेकंद मागे असतं, त्यामुळे त्याच्या जोरावर धाडस करू नका. पण जीव कासावीस होणं आणि प्राणवायू संपणं या दोन वेगळ्या घटना आहेत, एवढं त्यातून डोळ्यांना दिसतं. ते एकदा दिसलं की भीती निम्मी होते. आचका आला की खांदे सैल सोडा, जबडा सैल सोडा आणि तो नुसता जाऊ द्या. दोन-तीन आचके झाले की श्वास घ्या, सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

सवय वाढवायला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) टेबल करतात. दोन मिनिटं आरामात थांबू शकणाऱ्याने एक-एक मिनिट श्वास रोखण्याच्या आठ फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीआधी दोन मिनिटं विश्रांती, मग प्रत्येक वेळी ती 15 सेकंदांनी कमी. शेवटची फेरी 15 सेकंदांच्या विश्रांतीवर होते आणि तिथे आचक्यांशी चांगली ओळख होते. आठवड्यातून तीनदा पुरे.

आता आपल्याकडच्या माणसांना मुद्दाम सांगायची गोष्ट. बुडी मारण्याआधी कपालभाती किंवा भस्त्रिका करू नका. ‘प्राणायाम करतो, दम वाढलाय’ म्हणणारे नेमकं हेच करतात, कारण त्यानंतर श्वास जास्त वेळ रोखता येतो असा अनुभव असतो. अनुभव खरा आहे, पण त्याचं कारण जीवघेणं आहे. जोरात आणि भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्त आधीच भरलेलं असतं. उतरतो तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आचका देऊन सावध करणारी यंत्रणाच तुम्ही बंद पाडता. मग कासावीस न होताच माणूस बेशुद्ध पडतो. विहिरीत नाहीतर कॅनॉलमध्ये ‘पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो’ अशा पैजा लागतात, त्यातही पट्टीचे पोहणारे असेच जातात. अनुलोम-विलोम, संथ दीर्घ श्वसन जमिनीवर जरूर करा. ज्यांना कुंभकाची सवय आहे त्यांना आचक्यांची भीती कमी वाटते, हा त्यांचा खरा फायदा.

कान: सगळं इथे अडतं

15 मीटरची बुडी साधारण 30 ते 40 सेकंदांची असते. गादीवर मिनिटभर थांबणाऱ्याजवळ तेवढा श्वास असतोच. नवशिक्याला अडवतात ते कान. तरीही लोक महिनाभर श्वास वाढवत बसतात आणि कानांकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडा बसतो, आवंढा गिळला की सुटतो. कारण बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि पडदा आत ढकलला जातो. पाण्यात हेच फार वेगाने होतं. समुद्रसपाटीला एक वातावरण दाब असतो, 10 मीटरवर दोन, 20 मीटरवर तीन. म्हणजे दाब दुप्पट होतो तो पहिल्या 10 मीटरांतच, आणि कान सर्वांत जास्त तिथेच सांभाळावे लागतात. घसा आणि कान यांना जोडणाऱ्या नळीतून मधल्या कानात हवा पोचवत राहायची, यालाच इक्वलाइज करणं म्हणतात.

नाक धरून फुंकण्याची सर्वांना माहीत असलेली रीत म्हणजे वाल्साल्वा. त्यात पोट आणि छाती हवा ढकलतात. डोकं खाली करून जाताना ती लवकरच निकामी होते. फुप्फुसं आक्रसलेली असतात आणि हवा खालच्या दिशेला, म्हणजे डोक्याकडे रेटावी लागते. म्हणून फ्रेंझेल शिकायचं. त्यात छाती स्वस्थ राहते आणि हवा ढकलते ती जीभ.

आरशासमोर बसा. एक हात पोटावर ठेवा, दुसऱ्या हाताने नाक चिमटीत धरा. तोंडात थोडी हवा घ्या, ओठ मिटा. जिभेचं टोक ‘त’ म्हणताना टेकतं तिथे, वरच्या दातांमागे टेकवून ठेवा. घसा आतून बंद करा, वजन उचलताना दम धरतो तसा. आता जिभेचा मागचा भाग ‘क’ म्हणायला निघाल्यासारखा वर आणि मागे उचला. जमलं तर नाकपुड्या बोटांखाली किंचित फुगतात, दोन्ही कानांत ‘टक्’ असा आवाज येतो आणि कंठमणी वर उचललेला आरशात दिसतो. पोटावरचा हात हलला तर ते अजून वाल्साल्वाच आहे. काहींना पाच मिनिटांत जमतं, काहींना आठवडे लागतात, आणि त्यात कमी-जास्त हुशारीचा संबंध नसतो. रोज थोडा वेळ द्या. कोर्सला जाण्याआधी एवढं एक करून गेलात तरी तुमचे पैसे वसूल झाले.

पाण्यातला नियम सोपा आहे: दुखायच्या आधी इक्वलाइज करायचं, दर मीटरला, कधी त्याहून लवकर. नाही सुटलं तर थांबा, अर्धा मीटर वर या, पुन्हा करा. तरीही नाही तर वळा आणि वर जा. रेटून खाली गेलं तर पडदा फाटू शकतो. थंड पाणी आतल्या भागाला लागलं की अशी गरगर येते की वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरू नका, तिचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा कानात अडकून बसते.

सामान

कोर्सआधी विकत घ्यावा तो फक्त मास्क. आत कमी हवा मावणारा, नाकाचा भाग मऊ असलेला. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने किंचित श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. पोहण्याचे गॉगल चालत नाहीत, कारण नाक बाहेर राहिल्याने त्यांच्या आत हवा सोडता येत नाही आणि दाबाने डोळे लाल होतात. मास्कमध्ये मात्र खाली जाताना नाकातून थोडी हवा सोडायची असते.

पायात घालायच्या लांब फिन्स, वेटसूट, कमरेखाली बसणारा रबरी वजनपट्टा आणि डायव्हरला दोराशी जोडून ठेवणारी छोटी दोरी, म्हणजे लॅनयार्ड, हे सगळं शिकवणारे देतात. कार्बनच्या महाग फिन्सची सुरुवातीला काही गरज नाही.

पहिली बुडी

सकाळची वेळ चांगली. दोन-तीन तास आधी हलकं खाल्लेलं असावं, पाणी भरपूर प्यालेलं असावं. चहा-कॉफी नंतर, नाडी शांत हवी.

पाण्यावर एक बोया असतो, त्याखाली सरळ दोर सोडलेला, त्याच्या टोकाला वजन. आधी खोली ठरवतात आणि दोर तेवढाच सोडतात, म्हणजे ठरल्यापेक्षा खोल जाण्याचा प्रश्नच येत नाही. पहिल्या बुड्या दोर हाताने ओढत करायच्या, याला फ्री इमर्शन म्हणतात. माझ्या मते नव्या माणसाने पहिला पूर्ण दिवस हेच करावं. पाय मारायचे नसतात, वेग हातात असतो, आणि कान अडला तर दोर धरून जागच्या जागी थांबता येतं.

बोयाला हात टेकवून पालथं तरंगा, तोंडात स्नॉर्कल, म्हणजे वर असेपर्यंत श्वास घ्यायची नळी. दोनेक मिनिटं नेहमीसारखा, मात्र निवांत श्वास घ्या. मान सैल, नजर दोरावर. चेहरा पाण्यात असताना श्वास रोखला की नाडी आपोआप मंदावते. सील, देवमासे यांच्यात असणारी ही प्रतिक्रिया माणसातही आहे. हातापायांतलं रक्त आत ओढलं जातं. प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. आग्नेय आशियातले बाजाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून मासे पकडत आले. त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी वस्तीपेक्षा जवळपास निम्म्याने मोठी आढळली, असा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

शेवटचा पूर्ण श्वास भरा. स्नॉर्कल तोंडातून काढा, पृष्ठभागावरच एकदा कान सोडवा आणि दोर धरून डोकं खाली करा.

पहिले पाच मीटर कष्टाचे असतात. भरलेली फुप्फुसं वर ढकलतात, शिवाय एक हात नाकावर अडकलेला. मन सारखं विचारतं, किती राहिलं? खाली बघू नका. मान वर उचलली की घसा ताणला जातो आणि कान अडतात. हनुवटी आत, नजर समोरच्या दोरावर.

10 मीटरच्या आसपास ओढायला जोर लागेनासा होतो. फुप्फुसातली हवा इथे निम्मी झालेली असते, आणि पट्ट्यातलं वजन नीट लावलं असेल तर शरीर ना वर जातं ना खाली. वजन बरोबर आहे का हे आधी वर तपासायचं: नेहमीसारखा श्वास सोडल्यावरही तरंगता आलं पाहिजे.

त्याखाली सुरू होतो तो भाग, ज्याच्यासाठी माणसं पुन्हा पुन्हा येतात. शरीर स्वतःहून बुडू लागतं. हात थांबवायचे, पाय थांबवायचे, सगळं सैल सोडायचं, आणि दोर डोळ्यांसमोरून वर सरकत राहतो. याला फ्रीफॉल म्हणतात. गालांवरून पाणी सरकताना कळतं. रंगांतला लाल आधीच गेलेला असतो, उरतो निळा. जवळ प्रवाळ असेल तर कोळंबीच्या जातीतल्या छोट्या जीवांची कडकड ऐकू येते, एरवी कानांत फक्त आपलीच संथ नाडी. छातीभोवती पाण्याची पकड सगळीकडून सारखी जाणवते. त्या काही सेकंदांत लक्ष कानावर आणि दोरावर एवढं पूर्ण लागलेलं असतं की दुसऱ्या विचाराला जागाच राहत नाही. मला या खेळाची ओढ तिथून लागली, आणि मीटरचे आकडे त्यापुढे किरकोळ वाटतात. पहिल्या कोर्समध्ये हे दोन-चार सेकंदच वाट्याला येतं. तेवढं पुरतं.

छातीचं काय होत असेल, ही शंका रास्त आहे. 1949 मध्ये इटालियन डायव्हर रायमोंदो बुखर कॅप्री बेटाजवळ 30 मीटर खाली जाणार होते, तेव्हा एवढ्या दाबाखाली छाती चिरडेल असा इशारा जाणकारांनी दिला होता. ते सुखरूप वर आले. हातापायांतून आत आलेलं रक्त फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत भरतं आणि आक्रसलेल्या हवेची जागा घेतं, याचा उलगडा पुढे झाला. 1976 मध्ये फ्रेंच डायव्हर जॅक मायोल यांनी एल्बा बेटाजवळ 100 मीटर गाठले. मात्र फुप्फुसांना हे हळूहळू सवयीने जमतं, म्हणून खोली एकदम वाढवायची नाही, आणि खाली असताना हात डोक्यावर ताणून अंगाला पीळ द्यायचा नाही.

ठरलेल्या जागी दोर धरा, वळा. वर पाहू नका. पृष्ठभाग दूर दिसला की घाई सुटते आणि घाईत ऑक्सिजन जळतो. एकसारख्या लयीत ओढत या. शेवटच्या काही मीटरांत फुप्फुसं फुलतात आणि तुम्ही आपोआप वर येता.

डोकं बाहेर आलं की बुडी संपली असं समजू नका. बोया धरा. मोठा उच्छ्वास टाकण्याचा मोह टाळा. थोडीच हवा सोडा, झटकन पूर्ण श्वास घ्या, क्षणभर धरा, पुन्हा थोडा सोडा. असे तीन-चार श्वास न चुकता, याला रिकव्हरी ब्रीदिंग म्हणतात. कोरियातल्या जेजू बेटावर शंख-शैवाल काढणाऱ्या हेन्यो बायका वर आल्यावर शिट्टीसारखा लांब आवाज करत श्वास सोडतात, त्याला सुम्बिसोरी म्हणतात. त्यांची परंपरा 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. रीत वेगळी, पण वर आल्यावरचे पहिले श्वास जपायचे हे त्यांनीही ओळखलेलं आहे. मग जोडीदाराकडे बघून ओकेची खूण करायची. स्पर्धेत तर 15 सेकंदांत चेहऱ्यावरचं सामान काढून, खूण करून ‘आय ॲम ओके’ म्हणावं लागतं, नाहीतर बुडी बाद.

दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती. नव्या माणसाने कितीही छोटी बुडी असली तरी दोन-तीन मिनिटं घ्यावीत.

जोडीदार

खोलवर दाबामुळे रक्ताला ऑक्सिजन सहज मिळत राहतो. वर येताना दाब उतरतो, त्यातही शेवटच्या 10 मीटरांत तो निम्मा होतो, आणि ऑक्सिजनचा पुरवठा एकदम पडतो. म्हणून शुद्ध हरपते ती बहुतेकदा पृष्ठभागाजवळ, किंवा वर आल्यानंतरच्या काही सेकंदांत. ज्याची हरपते त्याला आधी काही कळत नाही. विचारलं तर ‘मला काय झालं होतं?’ असं तोच विचारतो. कधी शुद्ध पूर्ण जात नाही, मान डुलते, हात थरथरतात. डायव्हर त्याला सांबा म्हणतात.

यावर उपाय एकच: एक खाली, एक वर. जोडीदार बुडी मारणाऱ्याला शेवटच्या टप्प्यात भेटायला खाली जातो, समोरासमोर वर येतो आणि नंतर किमान 30 सेकंद त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही. शुद्ध गेलीच तर तोंड-नाक पाण्याबाहेर धरायचं, मास्क काढायचा, डोळ्यांखाली फुंकर घालायची, गालावर टिचकी द्यायची, नावाने हाक मारायची. बहुतेक वेळा तेवढ्यावर श्वास सुरू होतो. नाही झाला तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा. हे कोर्समध्ये प्रत्यक्ष करून घेतात. जो प्रशिक्षक हे घाईत उरकतो त्याच्याकडे शिकू नका. काठावर बसून बघणारा मित्र म्हणजे जोडीदार नव्हे. ज्याला तुमच्या खोलीपर्यंत येऊन तुम्हाला वर काढता येतं तोच.

रशियाची नताल्या मोल्चानोवा 100 मीटरच्या पुढे जाणारी आणि नऊ मिनिटांहून जास्त श्वास रोखणारी पहिली स्त्री. ऑगस्ट 2015 मध्ये स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ ती पाण्यात उतरली आणि परत आली नाही. तिच्याएवढा अनुभव जगात फार थोड्यांचा होता.

कुठे शिकायचं

आयडा ही या खेळाची संघटना 1992 पासूनची. तिच्याशिवाय एसएसआय, पॅडी आणि मोल्चानोव्ह्ज या संस्थांचे कोर्स सगळीकडे चालतात. पहिल्या पातळीला जमिनीवरचे तास, तलावात श्वास रोखणं आणि एका श्वासात पाण्याखालून आडवं अंतर पोहणं, मग समुद्रात दोर असा क्रम असतो. आयडाच्या दुसऱ्या पातळीला दोन मिनिटं स्थिर राहून श्वास रोखणं, 40 मीटर आडवं आणि किमान 12 मीटर खोल एवढं लागतं.

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला पाण्याची ओळख होते, पण तिथलं पाणी उथळ आणि बरेचदा गढूळ. पावसाळ्यात तर बंदच. दोरावर शिकायला निवळ आणि खोल पाणी लागतं. देशात अंदमानचं स्वराज द्वीप त्यासाठी चांगलं. बाहेर जाणार असाल तर बालीतलं आमेद: पाणी उबदार, किनाऱ्यापासून जवळच खोली, 3 मिलिमीटरचा सूट पुरतो. इजिप्तमधल्या दहाबला किनाऱ्याला लागूनच ब्लू होल आहे, सुमारे 100 मीटर खोल. तिथे हिवाळ्यात पाणी 22 अंशांपर्यंत उतरतं, म्हणून 5 मिलिमीटरचा सूट घ्या. तिथल्या 50-55 मीटरवरच्या कमानीच्या गोष्टी ऐकाल, त्या नवशिक्यांसाठी नाहीत. प्रशिक्षक निवडताना एकाच्या हाताखाली चारहून जास्त माणसं असतील तर दुसरीकडे जा.

सहल ठरवताना एक-दोन दिवस मोकळे ठेवा. कान एखाद्या दिवशी ऐकत नाहीत आणि विमानाचं तिकीट जवळ आलं की माणूस रेटतो. वहीत प्रत्येक बुडीची खोली, कान कुठे अडला, आचका कुठे आला एवढं लिहून ठेवा. प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी त्यावरून बरंच कळतं. कोर्समधल्या एखाद्या सोबत्याचा नंबर घ्या, पुढच्या वेळी त्याच्याबरोबरच जाता येईल. आणि निघायच्या आधीचे दोन आठवडे रोज सकाळी दात घासून झाले की आरशासमोर पाच मिनिटं फ्रेंझेल.